आसन आणि पायऱ्या

विधानसभेत प्रतिवेदकाचं टेबल अध्यक्षांच्या आसनाखाली असतं. समोर दोन्ही बाजूंचे बाक, मागे उंचावर अध्यक्ष. सभागृहातले झाडून सगळे चेहरे दिसतात. ज्यांच्या शब्दावर आपली लेखणी चालते ते तेवढे दिसत नाहीत, ऐकू येतात. नोकरीची सगळी वर्षं मी अध्यक्षांकडे पाठ करून बसले. म्हणून पीठासीन अधिकाऱ्यांबद्दल माझी जी काही मतं आहेत ती कानांनी बनवलेली आहेत, आणि वर्तमानपत्रांतल्या मतांशी ती जुळतातच असं नाही.

मराठी लघुलेखनाची परीक्षा देऊन मी विधानमंडळ सचिवालयात लागले, तेव्हा नरिमन पॉइंटची इमारत नवीच म्हणावी अशी होती. तिचं उद्घाटन १९८१ सालचं. वेगाची धास्ती पहिल्या अधिवेशनात गेली. राहिली ती गोंधळाची. पन्नास जण एकदम उभे राहिले तर लिहायचं काय? विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं, "कोण ओरडतंय ते बघत बसू नकोस. वरून नाव कुणाचं आलं तेवढं ऐक." सल्ला कामापुरता होता, पण पीठासीन अधिकारी म्हणजे काय याची इतकी नेमकी व्याख्या मला पुढे एकाही पुस्तकात मिळाली नाही. अध्यक्षांनी नाव पुकारलं की सदस्याचं बोलणं भाषण होतं. नाही पुकारलं तर तेच बोलणं आमच्या कागदावर कंसात जातं: (गोंधळ), (अडथळा), फार तर (अनेक सन्माननीय सदस्य एकाच वेळी बोलतात). लाखो मतदारांच्या वतीने आलेला माणूस कंसात जायचा की कंसाबाहेर राहायचा, हे त्या एका उच्चारावर ठरतं.

समसमान मतं पडली तरच अध्यक्षांनी मत द्यायचं, हा घटनेच्या १८९व्या अनुच्छेदातला नियम नागरिकशास्त्राची मुलं घोकतात. पण निर्णायक मत देण्याची वेळ एकदाही न येता अध्यक्षांची अख्खी कारकीर्द संपू शकते. नाव पुकारण्याची वेळ दर दोन मिनिटांनी येते. प्रश्नोत्तराच्या तासाला एकेका तारांकित प्रश्नावर हात वर असतात वीस, आणि वेळ असतो चार-पाच उपप्रश्नांना. मी ज्यांना चांगले अध्यक्ष मानते त्यांच्या नावांच्या क्रमाला एक चाल असायची. आधी मूळ प्रश्नकर्ता, मग समोरच्या बाजूचा कुणीतरी, मग त्या जिल्ह्यातला, आणि शेवटी एखादा असा, की ज्याच्या पक्षाचे २८८च्या सभागृहात दोन नाहीतर तीन सदस्य. या शेवटच्या नावावर मी अध्यक्ष ओळखायचे. मोठ्या पक्षांना बोलायला मिळतंच, ते मिळवतात. लहान पक्षाच्या सदस्याला मात्र अध्यक्षांच्या कानाशिवाय दुसरा वाली नसतो. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. पक्षाचं संख्याबळ आटत गेलं तरी त्यांचं बोलणं सभागृह ऐकत असे. त्यात त्यांचं मोठेपण होतंच, पण एक-दोन सदस्यांच्या पक्षाला वेळ देण्याची जी रीत या सभागृहाने अनेक वर्षं पाळली, तिचाही वाटा होता.

आता एक असं साधन सांगते, ज्याची बातमी सहसा होत नाही. राखून ठेवणं.

लक्षवेधी सूचना आली की संबंधित खातं छापील निवेदन देतं. निवेदनात सहसा काही नसतं. मग सदस्य प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात: माहिती घेऊन सांगतो, तपासून पाहू, चौकशी करून योग्य ती कार्यवाही करू. लघुलिपीत या तीन वाक्यांसाठी आम्ही प्रत्येकीने आपापली आखूड चिन्हं बनवली होती, इतकी ती सारखी यायची. तिसऱ्या 'तपासून पाहू'नंतर कधी कधी मागून आवाज यायचा: "मंत्री महोदय, ही लक्षवेधी मी राखून ठेवतो. पूर्ण माहिती घेऊन या." नोंदीत ही दीड ओळ. पण ती दीड ओळ उमटली की अधिकाऱ्यांच्या दीर्घेत जी हालचाल होते ती बघण्यासारखी असते. फायली मिटतात, दोघं-तिघं वाकून बाहेर पडतात, आणि संध्याकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी कुणाचा तरी फोन वाजतो.

नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनात एका आश्रमशाळेतल्या मुलींच्या आजारपणावर लक्षवेधी लागली होती. पहिल्या दिवशीच्या निवेदनात पाणीपुरवठा सुरळीत होता. अध्यक्षांनी ती राखून ठेवली. पुन्हा लागली तेव्हाही योगायोगाने माझीच पाळी होती, आणि आता निवेदनात बंद पडलेली कूपनलिका होती, टँकर होता, नव्या कामाची तारीख होती. मधल्या काळात पाणी बदललं नव्हतं. निवेदन बदललं होतं. मुद्दा असा, की ते अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच होते आणि मंत्रीही त्यांच्याच पक्षाचे. अध्यक्षांनी राजीनामा दिला नव्हता, बंड केलं नव्हतं, कुठला ऐतिहासिक निर्णय दिला नव्हता. आपल्याच माणसाला "उत्तर पुरेसं नाही" एवढं ते म्हणाले होते. त्या रात्री '१६० गाळे' या आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी खोलीत थंडीने कुडकुडत आम्ही त्याच एका वाक्याबद्दल बोलत होतो.

कामकाजातून शब्द काढून टाकण्याच्या अधिकाराबद्दल मात्र लोकांचा फार गैरसमज आहे. आमच्या कच्च्या प्रतीवर 'असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही' असं छापलेलं असे, आणि एके काळी त्याला अर्थ होता. अध्यक्षांनी "तपासून काढून टाकण्यात येईल" म्हटलं की तो शब्द खरोखरच गायब व्हायचा. थेट प्रक्षेपण आलं आणि हे संपलं. शब्द काढून टाकल्याची घोषणा होईपर्यंत तो शब्द राज्यभरातल्या फोनवर पोहोचलेला असतो. उलट काढून टाकला म्हणून दुप्पट जण तो ऐकतात. पक्क्या नोंदीतून काढायचा तो पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यासाठी. तेही काम आहे, पण शिक्षा म्हणून त्याचा उपयोग उरलेला नाही.

आवाजी मतदानाचं सांगायलाच हवं, कारण ते पूर्णपणे कानाचं काम. प्रस्ताव मांडून अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. मग 'होयचे बहुमत' हे शब्द दोनदा येतात. पहिल्यांदा अंदाज म्हणून, दुसऱ्यांदा निकाल म्हणून. या दोहोंच्या मध्ये थांबायचं असतं. किती, ते नियमांत सेकंदात लिहिलेलं नाही. विरोधकांना पोल, म्हणजे मतविभाजन, मागायची संधी तेवढ्यात असते. ते थांबणं ज्यांना जमतं त्यांच्या निकालावर वाद होत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचं हरिभाऊ बागडे यांनी जाहीर केलं. त्याच दिवशी ते बिनविरोध अध्यक्ष झाले होते. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभाजन मागितलं. ठराव संमत झाल्यावर ही मागणी आली, असं आसनाकडून सांगण्यात आलं. सरकार त्यामुळे पडलं नाही की तरलं नाही, पण संख्येचा प्रश्न संख्येने सुटू दिला असता तर पुढचे कित्येक महिने तो विषय चघळला गेला नसता, असं माझं आजही मत आहे. विश्वासदर्शक ठरावावर कुणी पोल न मागताही माणसं मोजावीत.

माझी नोकरी मुळात एका अध्यक्षाच्या हट्टातून जन्माला आली, हे मला फार उशिरा कळलं. विठ्ठलभाई पटेल मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते, पुढे १९२५ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. आसनावर बसताच त्यांनी पक्षाशी संबंध सोडला. १९२८ मध्ये पब्लिक सेफ्टी बिलावर मतं समसमान पडली तेव्हा त्यांनी आपलं मत सरकारच्या विरोधात टाकलं. पण त्याहून टिकाऊ काम त्यांनी केलं ते कारकुनीचं. ज्या सरकारला सभागृहात जाब विचारायचा त्याच सरकारच्या खात्याने सभागृहाचा कर्मचारीवर्ग नेमायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. भांडून भांडून जानेवारी १९२९ मध्ये त्यांनी कायदेमंडळाचं वेगळं कार्यालय मिळवलं. आज घटनेच्या १८७व्या अनुच्छेदात राज्य विधानमंडळांसाठी स्वतंत्र सचिवालयाची जी तरतूद आहे तिच्यामागे हे भांडण आहे. मंत्र्याला न आवडणारं वाक्य मी निर्धास्तपणे लिहू शकले, कारण माझी बदली मंत्र्याच्या हातात नव्हती.

दादासाहेब मावळंकर त्याच परंपरेतले. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्ष, १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे. त्यांनी विठ्ठलभाईंसारखा पक्ष सोडला नाही, आणि डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. तो फेटाळला गेला. असा ठराव चर्चेला असताना अध्यक्षांनी आसनावर बसायचं नाही, मात्र बोलायचं आणि साध्या सदस्यासारखं पहिल्याच फेरीत मत द्यायचं, ही घटनेतली सोय मला नेहमी गमतीची वाटते. एरवी तोंड मिटून बसणाऱ्या माणसाला स्वतःच्या नोकरीपुरतं बोलायला मिळतं.

अध्यक्ष दिवसभर आसनावर नसतात. संध्याकाळी पत्रकारांची बाकं रिकामी झाली, नियम २९३खालची चर्चा किंवा अंतिम आठवडा प्रस्ताव सुरू झाला, की त्यांच्या जागी तालिका सभाध्यक्ष, म्हणजे सदस्यांपैकीच कुणी, येतात. सभागृहात बारा-पंधरा माणसं, घटनेने सांगितलेल्या गणसंख्येला म्हणजे किमान २९ सदस्यांना कधीच बगल दिलेली, आणि दोन्ही बाजूंना ती आठवत नाही कारण दोघांनाही भाषणं उरकायची असतात. महाराष्ट्राची विधानसभा खरी कशी आहे ते या वेळी कळतं. गडचिरोलीतला पूल, कोकणातले साकव, सोलापुरातलं हातमागाचं दुखणं सगळं रात्री साडेनऊला बोललं जातं. आणि तालिकेवर बसलेला सदस्य बघावा! दुपारी वेलमध्ये, म्हणजे आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून घोषणा देणारा हाच माणूस, आता घंटी वाजवून "सन्माननीय सदस्य, कृपया आवरते घ्या" म्हणत असतो. मी तर म्हणेन, प्रत्येक नव्या आमदाराला सक्तीने तीन संध्याकाळी तिथे बसवावं. वेलमधून दिसणारं सभागृह आणि आसनावरून दिसणारं सभागृह एकच नसतं.

गोंधळ मिटतो तो मात्र सभागृहात नाही, दालनात. पंधरा मिनिटांच्या तहकुबीत दोन्ही बाजूंचे नेते अध्यक्षांच्या दालनात जातात, चहा होतो, आणि परत आल्यावर विरोधी पक्षनेते पहिलं वाक्य बोलतात त्यावरून आम्हाला तोडगा कळायचा. जे अध्यक्ष दालनात विरोधकांना जास्त वेळ देत, त्यांना सभागृहात आवाज चढवावा लागत नसे. हे चालतं तोपर्यंत कुणाला दिसत नाही. दालनच भांडणाची जागा झालं की काय होतं ते ५ जुलै २०२१ रोजी दिसलं. तालिका सभाध्यक्षांशी दालनात झालेल्या वर्तनावरून भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनापुढे जाणारं निलंबन घटनाबाह्य ठरवलं. तोवर मी निवृत्त झाले होते. निकाल वाचताना वाटलं, बारा मतदारसंघ वर्षभर कंसात टाकण्याचा अधिकार कुणालाच नसावा, मग सदस्यांचं वर्तन कितीही वाईट असो.

त्या वेळी अध्यक्षपदच रिकामं होतं, हे लोक विसरतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिला आणि राहुल नार्वेकर निवडून आले ३ जुलै २०२२ रोजी. मधला सगळा काळ उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि तालिकेवर निघाला. विधान परिषदेचं सभापतिपदही जुलै २०२२ पासून राम शिंदे डिसेंबर २०२४ मध्ये निवडून येईपर्यंत रिकामं राहिलं. दिल्लीत तर सतराव्या लोकसभेने पाच वर्षं उपाध्यक्षच निवडला नाही. यात एकाच पक्षाचा दोष नाही. सरकारं बदलली तरी सवय तीच राहिली: आसन सोयीचं नसेल तर रिकामं बरं.

विधानभवनाच्या पायऱ्या मला नोकरीच्या सुरुवातीला फक्त चढण्या-उतरण्यासाठी आठवतात. आता अधिवेशन म्हटलं की दूरचित्रवाणीवर पहिलं दृश्य पायऱ्यांचं येतं. फलक, टाळ, गळ्यात कांद्याच्या माळा. सत्ताधारीही तिथे उभे राहतात, हे तर अजबच. कॅमेरा तिथे आहे हे कारण खरं, पण पुरेसं नाही. सदस्य हरकतीचा मुद्दा घेऊन उभा राहतो तेव्हा त्याला वाटत असतं, की मी हरलो तरी वरचा माणूस माझं ऐकून घेईल आणि कारण देऊन नाकारेल. हे वाटेनासं झालं की तो मुद्दा घेऊन पायऱ्यांवर जातो. पायऱ्यांवर प्रतिवेदक नसतो. तिथे बोललेल्या कुठल्याही वाक्याला शासनाने उत्तर द्यायचं बंधन नसतं, आणि राखून ठेवायला तिथे कुणी नसतं.

हा विश्वास कशाने गेला, असं मला विचारलं तर मी पक्षांतरबंदी कायद्याकडे बोट दाखवेन. १९८५ मध्ये घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं आणि आमदाराच्या अपात्रतेचा निवाडा पीठासीन अधिकाऱ्याकडे दिला. नाव पुकारणाऱ्या माणसाला आपण न्यायाधीश केलं. ज्या बहुमताने त्याला निवडलं तेच बहुमत टिकतं की नाही, याचा निकाल त्यानेच द्यायचा. कायदा लहान असतानाच गोव्यात त्याची परीक्षा झाली: १९९० मध्ये तिथले सभापती लुईस प्रोतो बार्बोझा स्वतःच पक्षातून फुटून मुख्यमंत्री झाले. १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ही व्यवस्था न्यायालयीन तपासणीच्या अटीवर टिकवली. पाचांपैकी दोन न्यायमूर्तींना अध्यक्षांकडे हे काम देणंच मान्य नव्हतं. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयानेच सुचवलं की संसदेने यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करावा.

महाराष्ट्राचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण अध्यक्षांकडे सोपवलं आणि वाजवी मुदतीत निर्णय द्या म्हटलं, आणि १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकर यांनी दोन्ही गटांतल्या कुणालाच अपात्र न ठरवता निर्णय वाचून दाखवला. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या जागी विठ्ठलभाई किंवा मावळंकर असते तरी हरणाऱ्या बाजूने त्यांचा निर्णय मान्य केला नसता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच सभागृहात "सन्माननीय सदस्य, जागेवर बसा" म्हणायचं असतं. ज्याच्याकडे आमदारकी काढून घेण्याचा अर्ज पडून आहे त्याच्याकडे उपप्रश्नासाठी हात वर करताना सदस्याचा हात मोकळा कसा राहील?

अध्यक्षांनी पक्ष सोडावा की नाही, यावर मी फार अडून बसणार नाही. इंग्लंडसारखी अध्यक्षांविरुद्ध मोठ्या पक्षांनी उमेदवारच न देण्याची रीत आपल्याकडे येईल असं वाटत नाही, आणि पुढच्या निवडणुकीची धास्ती असलेल्या माणसाने तिकिटाकडे पाठ फिरवावी ही अपेक्षा फार आहे. पक्षात राहूनही लक्षवेधी राखून ठेवता येते, हे मी ऐकलेलं आहे. पण अपात्रतेचं काम त्यांच्याकडून काढून घ्यावंच लागेल. ते केल्याशिवाय कितीही सज्जन माणूस त्या आसनावर बसवला तरी विरोधकांच्या लेखी तो एका खटल्यातला पक्षकारच राहणार. त्यासाठी दहाव्या परिशिष्टातला सहावा परिच्छेद संसदेने बदलायला हवा. १९८५ पासून केंद्रात जवळपास प्रत्येक मोठ्या पक्षाला सत्ता मिळाली, आणि प्रत्येकाने तो आहे तसा ठेवला.